उंदरीच्या पोटाला टाके आणि ती कपाटावर! (नसबंदीनंतरची काळजी)

कोपऱ्यातली | सोमवार, रात्री १०:५०

नमस्कार मंडळी.
आमची उंदरी (हो, मांजरीचंच नाव आहे. आणली तेव्हा मुठीत मावायची आणि नवऱ्याला विनोद सुचला होता) साडेपाच महिन्यांची आहे. शनिवारी तिची नसबंदी झाली. पोटाच्या मधोमध बोटाच्या दोन पेरांएवढी चीर आहे, वरून चार टाके. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलंय की दहा ते चौदा दिवस उड्या नकोत, पळापळ नको, अंघोळ नको आणि टाके अजिबात चाटू द्यायचे नाहीत.

शनिवारी रात्री ती गरीब गाय होती. मी शेजारी जमिनीवर गादी घालून झोपले, म्हणजे झोपले नाहीच, तिचा श्वास मोजत पडले. रविवारी दुपारी जेवली. आज सकाळी बघते तर बाईसाहेब गळ्यातल्या भोंग्यासकट (टाके चाटू नयेत म्हणून डोक्याभोवती घालतात ती शंकूसारखी कॉलर) कपाटावर! माझ्याच पोटात टाका तुटल्यासारखं झालं.

प्रश्न असा. त्या भोंग्याचा तिला भयंकर त्रास होतोय. उलटी उलटी चालते, दाराच्या चौकटीत अडकते, पाण्याच्या वाटीवर भोंगा आदळून सगळं पाणी सांडते. पहाटे चारला तिने पुढचे पाय घालून तो ओढून काढला आणि मी जागी होईपर्यंत टाक्यांवर जीभ फिरवलीच. मी समोर बसून लक्ष ठेवलं तर दिवसा तो काढून ठेवू का?

शिवाय आमचा मोठा बोका भाऊसाहेब तिच्यावर फिस्कारतोय. शुक्रवारपर्यंत दोघं एकाच टोपलीत झोपायचे.

तिसरा प्रश्न विचारायला लाज वाटते. ती माझ्यावर रागावलीय का? आवाज दिला की भोंगा भिंतीकडे करून बसते.

रिकामटेकडा | सोमवार, रात्री १०:५८

मांजर रागावलं नसेल तेव्हाही भिंतीकडेच तोंड करून बसतं. आता भोंग्यामुळे दिशा नीट कळते इतकंच.

तीन_मांजरांचा_बाप | सोमवार, रात्री ११:१५

ताई, भोंगा काढू नका. तिन्ही वेळा या दिव्यातून गेलोय. "मी समोर बसून लक्ष ठेवतो" हे मी पहिलीच्या वेळी म्हणालो होतो. फोन वाजला, दीड मिनिट बोललो, तेवढ्यात तिने एक टाका अख्खा उपसून काढला होता. मांजराची जीभ म्हणजे कानस असते हो. मागे वळलेले बारीक काटे असतात तिच्यावर, मऊ कातडीवर चार वेळा फिरली की जखम ओली झालीच म्हणून समजा.

आधी भोंग्याचं माप बघा. गळा आणि पट्टा यांच्यात दोन बोटं जायला हवीत, जास्त नाही. कड नाकाच्या शेंड्याच्या थोडी पुढे आली पाहिजे. पहाटे निघाला म्हणताय म्हणजे सैल आहे. जेवताना तेवढा काढा, पण तेव्हा तिच्यासमोरच बसा, खाणं संपलं की लगेच परत. पाण्यासाठी खोल वाटीऐवजी उथळ बशी घ्या आणि ती पालथ्या डब्यावर ठेवा. भोंग्याची कड जमिनीला आपटत नाही, मग पाणी पिता येतं.

शेपूटवाली | सोमवार, रात्री ११:३२

बापदादांशी अर्धी सहमत. चाटू द्यायचं नाही हे बरोबर, पण त्यासाठी भोंगाच हवा असं कुठाय? आमच्या पिल्लाला मी मोजा घातला होता. जाड सुती मोज्याचा पंजा कापून टाकायचा, चार पायांना चार भोकं, आणि मांजर आत. तयार अंगरखेही मिळतात, शेपटीकडे बंद असलेले. ती त्यात खात होती, झोपत होती, चौकटीत अडकत नव्हती.

तीन_मांजरांचा_बाप | सोमवार, रात्री ११:४०

मोजा माझ्या दुसरीलाही घातला होता. घातल्याक्षणी ती लाकडाच्या ओंडक्यासारखी आडवी पडली आणि चार तास तशीच. मला वाटलं पक्षाघात झाला.

शेपूटवाली | सोमवार, रात्री ११:४३

मग काय बिघडलं? डॉक्टरांनी आराम सांगितला होता, केला तिने आराम :D

गोठ्यातला_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ६:२०

निवृत्त पशुवैद्य आहे. आयुष्य गाई-म्हशींत गेलं, पण मांजरंही बरीच हाताखालून गेली. गाईला टाके घातले की ती रवंथ करत उभी राहते. मांजर टाके घालणाऱ्याचा हिशेब मनात ठेवून घरी जातं आणि पहिल्या संधीला चुकता करतं.

भोंगा की अंगरखा हा ज्याच्या त्याच्या मांजराचा प्रश्न आहे. जे अंगावर टिकेल ते घाला, मात्र काहीच न घालणं हा पर्याय धरू नका. अंगरखा घातलात तर दिवसातून दोनदा उघडून जखम बघायची. कापड लघवीने भिजलं की बदलायचं, ओलं कापड टाक्यांवर राहता कामा नये. अंगरख्याचा हाच तोटा आहे, जखम झाकलेली राहते आणि आपण निर्धास्त होतो. रोज सकाळी एकाच उजेडात फोनवर एक फोटो काढून ठेवा. कालच्यापेक्षा सूज वाढली की कमी झाली हे आठवणीवर सोडू नका, आठवण घाबरट असते.

उड्यांबद्दल. कातडी पाच-सहा दिवसांत मिटल्यासारखी दिसते. त्यावर जाऊ नका. खरा भार आत, पोटाच्या स्नायूंच्या मधल्या पांढऱ्या शिवणीवर असतो आणि ती भरून यायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तरण्या पिल्लाला तिसऱ्या दिवशी दुखणं कमी होतं, वरून वेदनाशामक असतंच, त्यामुळे आपण बरे झालो अशी त्याची ठाम समजूत होते. तुमची लढाई दुखण्याशी नाही, या समजुतीशी आहे.

रिकामटेकडा | मंगळवार, सकाळी ९:०५

डॉक्टरसाहेब, शेवटचं वाक्य आमच्या वडिलांच्या हर्नियाच्या ऑपरेशनलाही लागू. चौथ्या दिवशी माळ्यावर चढले होते. त्यांनाही भोंगा घालायला हवा होता.

आजीचा_बटवा | मंगळवार, सकाळी ९:४०

दुखत असेल तर लहान मुलांचं पॅरासिटामॉलचं औषध येतं ना, त्याचे दोन थेंब द्या. आणि जखमेवर जंतुनाशकाचा बोळा फिरवायचा. आमच्याकडे कुत्र्याला असंच करायचो.

गोठ्यातला_डॉक्टर | मंगळवार, सकाळी ९:४४

नाही! धागा वाचणाऱ्या सर्वांनी इथे थांबा.

मांजराला पॅरासिटामॉल म्हणजे विष. थेंबही नाही. ते निकामी करून शरीराबाहेर टाकायची जी मुख्य वाट माणसाच्या यकृतात असते, ती मांजरात जवळजवळ नसते. मग त्याचे विषारी अंश रक्तातल्या तांबड्या पेशींवर हल्ला करतात, रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं. हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात. मोठ्यांची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन हेही आपल्या मनाने नाही. मांजराला मेलॉक्सिकॅमसारखी औषधं देतात, पण वजनावर मात्रा काढून आणि डॉक्टरांनी सांगितले तितकेच दिवस. एक डोस चुकला म्हणून पुढचा दुप्पट करायचा नाही.

जंतुनाशकाचंही तेच. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं, फिनॉलच्या जातीतलं जे असतं ते मांजराला बाधतं. ती चाटणार, म्हणजे पोटातही जाणार. टी ट्री तेल नको, हायड्रोजन पेरॉक्साइड नको, कुठलाही घरगुती लेप नको. कोरडी, स्वच्छ जखम आपोआप भरते. तिला हात न लावणं हाच उपचार.

आजीचा_बटवा | मंगळवार, सकाळी १०:१०

बापरे. मला खरंच माहीत नव्हतं. वरचा प्रतिसाद मुद्दाम तसाच ठेवते, म्हणजे खालचं उत्तर लोक वाचतील.

वाळूतली_मी | मंगळवार, सकाळी ११:२५

आजी, त्याबद्दल मनापासून _/\_

कोणी लिहिलं नाही म्हणून सांगते, लिटर ट्रेमधली वाळूही बदला. बारीक, गोळे होणारी वाळू ओल्या टाक्यांना चिकटते. आठवडाभर वर्तमानपत्राच्या पट्ट्या किंवा कागदाच्या गोळ्या टाका. ट्रे कमी उंचीचा घ्या. आणि दोन दिवस शी झाली नाही तर घाबरू नका. आधी पोट रिकामं होतं, त्यात भूल आणि दुखण्याची औषधं, आतडी सुस्तावतात. शू मात्र झालीच पाहिजे. चोवीस तासांत ट्रे कोरडा दिसला तर सरळ डॉक्टरांना फोन.

कोपऱ्यातली | मंगळवार, दुपारी १:०२

सगळ्यांचे खूप आभार. पट्टा एक छिद्र घट्ट केला, बशी डब्यावर ठेवली. प्यायली!! शू कालच झालीय, आज शीसुद्धा झाली. (असं काही आनंदाने जाहीर करेन असं वाटलं नव्हतं.)

डॉक्टरकाका, तिला दुखतंय की नाही हे ओळखायचं कसं? मांडीवर घेतली की घुरघुरते, म्हणजे बरं वाटतंय ना?

गोठ्यातला_डॉक्टर | मंगळवार, दुपारी ३:३०

घुरघुरीवर विश्वास ठेवू नका. मांजर सुखात घुरघुरतं तसं दुखण्यातही घुरघुरतं. चेहरा बघा. कॅनडातल्या माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली यासाठी एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. पाच गोष्टी बघायच्या: कान बाजूला वळून एकमेकांपासून लांब गेलेत का, डोळे किलकिले आहेत का, नाकातोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा सरळ ताठ झाल्यात का, आणि डोकं खांद्यांच्या खाली गेलंय का. प्रत्येकाला ० ते २ गुण. दहापैकी चार किंवा जास्त झाले तर वेदनाशामकाची गरज आहे असं समजतात. झोपलेली, खात असलेली किंवा अंग चाटत असलेली असताना गुण देऊ नका.

रिकामटेकडा | मंगळवार, दुपारी ३:४१

आत्ता आरशात बघून आलो. सोमवारी ऑफिसला जाताना माझे सात होतात.

शेपूटवाली | मंगळवार, दुपारी ४:१५

भाऊसाहेबांच्या फिस्कारण्याबद्दल कोणी बोललंच नाही. ताई, त्याच्या दृष्टीने उंदरी घरी आलेलीच नाहीये. तिच्या आकाराचं, दवाखान्याच्या वासाचं कुणीतरी आलंय, आणि वर डोक्याला तबकडी लावलीय. मांजरं एकमेकांना नाकाने ओळखतात. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवा. तिच्या अंथरुणाचा तुकडा त्याच्याजवळ, त्याचा तिच्याजवळ. दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी खायला द्या. आमच्याकडे सहा दिवस लागले. तशीही ती आत्ता वेगळीच हवी. तो मस्ती करायला लागला तर टाक्यांचं काय?

जुनाट | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

सगळे रागावतील, तरी विचारतो. एवढीशी पोर, तिचं पोट फाडायची काय घाई होती? एकदा तरी पिल्लं होऊ द्यायची. आईपण अनुभवल्याशिवाय मादीची वाढ पुरी होत नाही असं आमच्याकडचे मोठे लोक म्हणायचे.

तीन_मांजरांचा_बाप | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

आला. मी विचारच करत होतो अजून कसा आला नाही.

वाळूतली_मी | मंगळवार, संध्याकाळी ७:३०

रागवत नाही जुनाट, पण हिशेब करू. मांजर चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते. साधारण नऊ आठवडे पोटात. आधीची पिल्लं अंगावर पीत असतानाच पुन्हा गाभण राहू शकते. आमच्या गच्चीवरच्या एका मांजरीने हे माझ्या डोळ्यांसमोर केलंय. पहिल्या खेपेच्या पाचांपैकी किती जगली ते लिहित नाही, संध्याकाळ खराब होईल. "एकदा होऊ द्या" म्हणणाऱ्यांपैकी त्यातलं एकही पिल्लू कोणी नेलं नाही.

गोठ्यातला_डॉक्टर | मंगळवार, रात्री ८:१०

वाढ पुरी होण्यासाठी पिल्लं व्हावी लागतात, हे खरं नाही. उलट बाजू सांगतो. मांजरीच्या स्तनातल्या गाठी बहुतेक वेळा कर्करोगाच्याच निघतात. २००५ सालच्या एका अभ्यासात सहा महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्या मांजरींमध्ये हा धोका ९१ टक्क्यांनी कमी आढळला, वर्षाच्या आत झालेल्यांमध्ये ८६ टक्क्यांनी. दोन वर्षांनंतर केली तर या बाबतीत फायदा दिसला नाही. गर्भाशयात पू होण्याचा आजार टळतो तो वेगळाच. त्या आजारातल्या मांजरीचं ऑपरेशन मी रात्री दोनला कंदिलाच्या उजेडात केलंय. साडेपाच महिन्यांच्या निरोगी पिल्लाचं दिवसाउजेडी करणं कधीही बरं.

जुनाट | मंगळवार, रात्री ८:२५

आकडे माहीत नव्हते. "पोट फाडणं" हा शब्द मागे घेतो. तरी एवढ्याशा जिवाला टाके बघून कसंतरी होतं, एवढं म्हणायची मुभा असू द्या.

कोपऱ्यातली | मंगळवार, रात्री ८:४०

जुनाटदादा, मुभा कसली. मलाही तेच होतंय. शनिवारी डॉक्टरांनी तिला माझ्या हातातून घेतलं तेव्हा ती माझ्याकडे बघत होती.

रिकामटेकडा | मंगळवार, रात्री ९:२०

वातावरण गंभीर झालंय म्हणून अवांतर. या भोंग्याला इंग्रजीत एलिझाबेथन कॉलर म्हणतात. सोळाव्या शतकातली इंग्लंडची राणी पहिली एलिझाबेथ आणि तिचे दरबारी गळ्याभोवती चुण्यांची भलीमोठी झालर घालत, तिच्यावरून. म्हणजे उंदरी आजारी वगैरे काही नाही, ती दरबारी पोशाखात आहे. भिंतीकडे तोंड करून बसते कारण तुम्ही मुजरा केला नाहीत.

शेपूटवाली | मंगळवार, रात्री ९:२६

खो खो खो. रच्याकने (म्हणजे बाय द वे), मग पाण्याची वाटी डब्यावर ठेवणं बरोबरच. राणीसाहेब वाकून कशाला पितील?

कोपऱ्यातली | गुरुवार, सकाळी ७:१५

मदत हवीय. आज सहावा दिवस. सकाळच्या फोटोत चिरेच्या खालच्या टोकाला वाटाण्याएवढी गाठ दिसतेय, कालच्या फोटोत नव्हती. लाली नाही, वास नाही, पाणी येत नाही. खातेय, खेळायला बघतेय. काल संध्याकाळी मात्र ती माझ्या हातून निसटून पलंगावरून खाली उडी मारून गेली होती. माझ्यामुळेच झालं का? हर्निया असेल का?

तीन_मांजरांचा_बाप | गुरुवार, सकाळी ७:२०

ताई, आधी श्वास घ्या. माझ्या तिसरीला अशीच आली होती, आतल्या टाक्याच्या गाठीची होती, आपोआप गेली. पण माझ्या तिसरीवरून तुमच्या पहिलीचं निदान करू नका. दवाखाना उघडला की फोन करा.

गोठ्यातला_डॉक्टर | गुरुवार, सकाळी ७:३५

तीन शक्यता असतात. आतल्या विरघळणाऱ्या टाक्यांवर शरीराची प्रतिक्रिया, ही नेहमीची. जास्त हालचालीमुळे कातडीखाली साठलेलं पाणी, हीसुद्धा नेहमीची. आणि आतली शिवण सैल होऊन आलेला हर्निया, हा क्वचित. फोटोवरून यातलं काय ते मी सांगणार नाही आणि कोणी सांगितलं तर ऐकू नका. हात लावूनच कळतं, आणि तो हात तुमचा नसावा. दाबून, आत ढकलून बघू नका. सुईने पाणी काढायचा विचारही नको.

तिची तब्येत तुम्ही सांगता तशी असेल तर आज दिवसात दाखवा, मध्यरात्रीसारखी धावपळ नको. पण हिरड्या पांढऱ्या पडल्या, ती मलूल झाली, पुन्हा पुन्हा उलट्या, खाणं बंद, जखम उघडली, पू किंवा वास आला, गाठ भराभर वाढली, यातलं काहीही झालं तर त्याच मिनिटाला निघा.

आजीचा_बटवा | गुरुवार, सकाळी ८:००

जाताना टोपलीत तिच्या ओळखीचं फडकं घाला ग. आणि कळव.

कोपऱ्यातली | गुरुवार, दुपारी १२:४५

दाखवून आले. हर्निया नाही!! थोडं पाणी साठलंय, काही करायची गरज नाही, आपोआप जिरेल म्हणाल्या डॉक्टर. पण आता तिला मोकळं सोडायचंच नाही अशी तंबी मिळालीय. क्रेट (पिंजरा) नाही आमच्याकडे. काय करू? न्हाणीघरात कोंडली की असा टाहो फोडते की शेजारी दारात येतात.

वाळूतली_मी | गुरुवार, दुपारी १:२०

सुटलो!

लहान खोली रिकामी करा. खुर्च्या, स्टूल बाहेर, पडदे गाठ मारून वर, गादी जमिनीवर. चढायला काही उरलंच नाही की प्रश्न मिटला. मग डोकं दमवा, पाय नकोत. रोजचं खाणं वाटीत न देता कागदाच्या चुरगळलेल्या गोळ्यांत, अंड्यांच्या रिकाम्या ट्रेच्या खळग्यांत लपवा, हुंगत हुंगत शोधू दे. खिडकीच्या उंचीपर्यंत ती जाऊ शकत नसेल तर तिला मांडीवर घेऊन खिडकीत बसा. काडीला बांधलेली दोरी आणि लेझरचा ठिपका मात्र कपाटात कुलपात. उचलताना काखेत धरून लोंबकळवू नका, छाती आणि मागचे पाय दोन्हीखाली हात द्या, पोटाला ताण नको.

शेपूटवाली | गुरुवार, दुपारी १:३५

आणि आता तरी झबलं शिवा तिला.

तीन_मांजरांचा_बाप | गुरुवार, दुपारी १:३७

तुम्ही ऐकणार नाही ना?

कोपऱ्यातली | शनिवार, रात्री ९:१०

सासूबाईंनी जुन्या गंजीफ्रॉकच्या बाहीचं झबलं शिवलं. घातल्यावर उंदरी ओंडक्यासारखी पडली (बापदादा जिंकले), वीस मिनिटांनी उठली आणि जेवली (शेपूटवालीताई जिंकल्या). आता दिवसा झबलं, रात्री भोंगा. गाठ अर्धी झालीय.

जुनाट | शनिवार, रात्री ९:३०

फोटो टाका की.

तीन_मांजरांचा_बाप | शनिवार, रात्री ९:४५

एक आगाऊ सूचना. टाके निघाले की तिची भूक वाढेल आणि गरज कमी होईल, साधारण पाव हिश्श्याने. मी पहिलीच्या वेळी लाडाने घालत गेलो. आता ती बसते तेव्हा पाय दिसत नाहीत.

कोपऱ्यातली | बुधवार, संध्याकाळी ७:५०

आज बाराव्या दिवशी टाके निघाले. दोन मिनिटांचं काम, तिने हूं की चूं केलं नाही. गाठ जवळजवळ नाहीच. पोटावर गुलाबी पट्टी आणि मखमलीसारखे बारीक केस. अजून दोन दिवस उंच चढू द्यायचं नाही, मग मोकळी.

माझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मलाच सापडलं. भोंगा आज दवाखान्यातच काढला. घरी आल्यावर तिने सलग पन्नास मिनिटं अंग चाटलं, कानापासून शेपटीच्या टोकापर्यंत. मग भाऊसाहेबांना दार उघडून दिलं. त्याने हुंगलं, एकदा बारीकसा फिस्कारला, आणि तिचं डोकं चाटायला बसला.

भोंगा धुऊन वाळत घातलाय. कोणाला हवा असेल तर सांगा, पट्ट्याचं तिसरं छिद्र दातांनी चावलेलं आहे.

रिकामटेकडा | बुधवार, रात्री ८:०२

वडिलांसाठी राखून ठेवा. पुढच्या महिन्यात त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे.